पलंग क्रमांक २१४

"अजून अर्धा तास लागेल." त्या सोमवारी मी एका आजींच्या मुलाला हे पाच वेळा सांगितलं. अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर ११ वर्षं काढल्यावर ते तोंडातून आपसूक येतं.

आजी भोरकडच्या. अंगणात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑर्थोच्या डॉक्टरांनी 'अ‍ॅडमिट करा' लिहिलं १०:३० ला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. फीमेल वॉर्ड भरलेला.

लोकांना वाटतं, रांग आमच्या खिडकीशी असते. खरी रांग वर वॉर्डात, घरी जायच्या पेशंटची. राउंड सकाळी ९ ला होतो आणि मोठे डॉक्टर 'आज सोडा' म्हणून निघून जातात. डिस्चार्ज समरी लिहायची निवासी डॉक्टरने, तो ऑपरेशन थिएटरमध्ये. दुपारी सुटला की लिहिणार. मग उरलेली औषधं फार्मसीत परत, त्याशिवाय बिल बंद होत नाही. मग बिल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी बिलं तपासणाऱ्या संस्थेकडे. कॅशलेसची शेवटची मंजुरी ३ तासांत द्या, असं विमा नियामकाने मे २०२४ मध्ये बजावलंय. नातेवाईक ते मोबाइलवर काढून दाखवतात. पण ते ३ तास आमचे कागद पोचल्यावर सुरू होतात, आणि पोचवायलाच आम्ही अर्धा दिवस घालवतो. हे मी त्यांना कधी सांगत नाही.

तीनच्या सुमारास कॅज्युअल्टीत गेले. आजी ट्रॉलीवरच. ओठ सुकलेले, उशाशी पाण्याची बाटली, झाकणाचं सीलही न तुटलेलं.

"पाणी का नाही प्यायलात?"

"लघवी लागंल ना बाई. या पोरींना किती येळा पडदा वढाया लावू?"

तशीच वर गेले. २१४ वर पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एक बाई साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. टीपीएचा प्रश्न आला होता: मधुमेह कधीपासून? उत्तरावर डॉक्टरांची सही हवी, डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलात. "जरा बाहेर बाकावर बसाल का?" मी विचारलं. सिस्टर भडकल्या. "चक्कर आली तर तुम्ही धावणार का?" चूक नव्हतं त्यांचं. बाई काही न बोलता उठल्या, टाक्यांवर हात धरून.

मावशींनी गादी पुसली, चादर घातली. आजी ४:२८ ला वर पोचल्या. त्या बाई मात्र पावणेसातपर्यंत लोखंडी बाकावर. त्यांच्या नवऱ्याने माझ्या नावाने तक्रार लिहिली. त्यात खोटं अक्षर नव्हतं. मला मेमो मिळाला.

ते पचलं. पण महिनाअखेरच्या मीटिंगला प्रतीक्षेचा तक्ता लावला, तेव्हा मी आजींची ओळ शोधली. १८ मिनिटं. फॉर्म सिस्टिममध्ये भरला की घड्याळ सुरू होतं, म्हणून पलंग नक्की होईपर्यंत फॉर्म भरायचा नाही, असं आम्ही खिडकीवाल्यांनीच केव्हाचं ठरवून टाकलंय. आकडा वाढला की बोलणी आम्हीच खातो ना. आजींचा फॉर्म मी ४:१० ला भरला होता.

त्या मीटिंगमध्ये आमच्या काउंटरचं कौतुक झालं. मीही टाळ्या वाजवल्या.