रुग्णनोंदींचं डेटा मॉडेल: एक ओळ म्हणजे नेमकं काय?

रुग्णालयाचं सॉफ्टवेअर बिलं, ऑर्डरी आणि केसपेपर सांभाळायला बनलेलं असतं, विश्लेषणासाठी नव्हे. त्याची टेबलं जशीच्या तशी उचलून वेअरहाउसमध्ये (विश्लेषणासाठीच्या वेगळ्या डेटासाठ्यात) टाकली की आकडे फुगतात. एका भेटीत ४ निदानं आणि ६ औषधं असतील आणि दोन्ही टेबलं भेटीच्या क्रमांकावर जोडली, तर २४ ओळी होतात. त्यावर मोजणी केली की प्रत्येक औषध ४ वेळा मोजलं जातं. एरर येत नाही, रिपोर्ट छान दिसतो, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने टिकते.

यावर उपाय साधा आहे: कॉलम ठरवण्याआधी प्रत्येक टेबलासाठी ‘इथली एक ओळ म्हणजे...’ हे वाक्य पूर्ण करून लिहायचं. औषधांच्या टेबलाशी गाडी हमखास अडते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, फार्मसीने दिलेलं आणि नर्सने प्रत्यक्ष टोचलेलं औषध या तीन वेगळ्या घटना आहेत. तिन्ही एकाच टेबलात ठेवायच्या असतील तर प्रकाराचा कॉलम सक्तीचा हवा. ओमॉप (OMOP) या आरोग्यनोंदींच्या संशोधनासाठीच्या सामायिक डेटा मॉडेलमध्ये तो आहेच. जोडणीपूर्वी दोन्ही बाजू एका ओळीच्या पातळीवर (उदा. एका भेटीला एकच ओळ) आणायच्या, हा नियम मी तरी कधीच सैल करणार नाही.

सगळ्यात जास्त मेहनत लॅबच्या निकालांवर घ्यावी लागते. मूत्रपिंडाचं काम तपासणारी क्रिएटिनिन ही रक्तचाचणी घ्या. मूळ प्रणालीतून ‘<०.२’ असा मजकूर येतो. तो थेट संख्येच्या कॉलममध्ये घातला तर एकतर ओळ गळते किंवा ‘पेक्षा कमी’चं चिन्ह हरवतं. म्हणून मूळ मजकूर, तुलनेचं चिन्ह, संख्या, मूळ युनिट, प्रमाणित युनिट, प्रमाणित संख्या आणि त्या लॅबची संदर्भमर्यादा (सामान्य मानला जाणारा पल्ला) असे वेगवेगळे कॉलम ठेवायचे. संदर्भमर्यादा त्या ओळीतच हवी, कारण ती लॅब, वय आणि लिंगानुसार बदलते.

युनिट बदलताना गुणक त्या पदार्थावर अवलंबून असतो, हे विसरलं जातं. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधलं क्रिएटिनिन ८८.४ ने गुणलं की मायक्रोमोल प्रति लिटर मिळतं. त्याच युनिटमधलं ग्लुकोज मिलिमोल प्रति लिटरमध्ये आणायला १८ ने भागावं लागतं. म्हणजे रूपांतराच्या टेबलाची किल्ली (ज्यावरून नेमकी ओळ सापडते ती) चाचणी, मूळ युनिट आणि नवं युनिट या तिघांची मिळून हवी. युनिट कोरं असेल तर? १०६ हे क्रिएटिनिन कोणत्या युनिटमधलं हे ओळखता येतं, पण तो अंदाजच. तो मूळ कॉलममध्ये भरू नका. ‘अनुमानित’ अशी खूण करून वेगळा ठेवा.

आता वेळ. नमुना कधी घेतला, निकाल कधी आला आणि ती नोंद आपल्या टेबलात कधी आली, या तिन्ही वेळा जपायला हव्यात. ओमॉपच्या मोजमापांच्या टेबलात नमुना घेतल्याच्या वेळेला जवळची तारीख घालायची पद्धत आहे. आजाराच्या अभ्यासाला ती योग्यच. पण भाकीत करणारं मॉडेल बनवायचं असेल तर सकाळी ८ ला घेतलेल्या नमुन्याचा दुपारी २ चा निकाल सकाळी ९ च्या भाकितात शिरतो, आणि अचूकता खोटी वाढते. निदानाच्या कोडचंही तसंच: ते अनेकदा डिस्चार्जनंतर लावले जातात, पण तारीख दाखल झाल्याची पडते. दुरुस्त केलेला निकाल जुन्यावर लिहू नका. नवी ओळ आणि स्थितीचा कॉलम द्या.

कोडिंगमध्ये मूळ कोड, मूळ शब्द, मॅप केलेला (म्हणजे त्याच्याशी जुळवलेला) प्रमाणित कोड आणि शब्दसंग्रहाची, म्हणजे कोडयादीची, आवृत्ती, चारही ठेवा. मॅप न झालेल्याला ओमॉप ० देतं. त्याचं प्रमाण वेगळ्या कोडांवर नव्हे, ओळींवर मोजा: एकच न जुळलेला कोड लाखो नोंदी घेऊन बसलेला असू शकतो. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ ला निदानांच्या कोडयादीत आयसीडी-९ वरून आयसीडी-१० वर बदल झाला. त्या तारखेला आलेख उडी मारत असेल तर आधी मॅपिंग तपासा, आजार नंतर.

नोंद नाही म्हणजे आजार नाही, असं धरणं सगळ्यात महागात पडतं. रुग्ण दुसरीकडे उपचार घेत असेल तर तुमच्याकडे तो निरोगीच दिसेल. म्हणून निरीक्षणकाळाचं टेबल हवं: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत त्याच्यावर काही घडलं असतं तर आपल्याला कळलं असतं. दराचा छेद तिथूनच येतो.

ओळख लपवण्यासाठी तारखा सरकवायच्या असतील तर एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवा, नाहीतर अंतरं मोडतात. सरकवण्याचा आकडा ७ च्या पटीत घेतला तर वारही टिकतो आणि शनिवार-रविवारचे भरतीचे कल अभ्यासता येतात. ऋतूंचा अभ्यास करायचा असेल तर मात्र मोठी सरकवणी चालणार नाही. तिथे खऱ्या तारखांची परवानगी वेगळी मागावी लागते.