मे महिन्यातली मळीची टाकी

लातूर, परभणी, नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. त्याच उन्हात ऊसगाळप हंगामाची उरलेली मळी, म्हणजे साखर काढल्यावर राहणारा आणि इथेनॉलसाठी वापरला जाणारा घट्ट पाक, पत्र्याच्या टाकीत उभी असते. खरी चूक मात्र हंगामातच होते. सेंट्रिफ्यूगलमधून, म्हणजे साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या फिरत्या यंत्रातून, मळी ५५-६० अंशांवर बाहेर पडते आणि ती तशीच टाकीत सोडली जाते. आधी कूलरमधून ४० च्या खाली आणायलाच हवी. गरम मळीत साखर आणि अमिनो आम्लांची अभिक्रिया सुरू होते. तीच उष्णता सोडते, कार्बन डायऑक्साइड सोडते. तपकिरी फेस वर चढतो, मळी काळी पडते आणि आंबवता येणारी साखर घटते. ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे प्रमाण, मात्र जवळपास तेवढाच दिसतो, म्हणून नुसत्या ब्रिक्सवर विसंबू नये.

टनभर मळीत आंबणारी साखर मळीच्या वजनाच्या एक टक्का घटली, म्हणजे १० किलो गेली. ९० टक्के कार्यक्षमता धरली तरी सुमारे ५.८ लिटर इथेनॉल बुडाले. बी-हेवीत, म्हणजे सगळी साखर न काढता मधल्या टप्प्यावरच घेतलेल्या मळीत, साखर जास्त, त्यामुळे तिची काळजीही जास्त.

तापमान रोज वर, मध्ये, तळाशी अशा तीन ठिकाणी बघावे. ते चढू लागले की पंपाने मळी फिरवायची, बाहेरून पत्र्यावर पाणी सोडायचे. आत पाणी? चुकूनही नाही! छताच्या गंजलेल्या भोकातून पहिला पाऊस शिरला की वरचा थर पातळ होतो, त्यात जिवाणू वाढतात, आम्लता चढते. पुढे फर्मेंटरमध्ये, म्हणजे मळी आंबवण्याच्या टाकीत, यीस्ट सुस्तावते, आणि दोष यीस्टवर जातो.