तुम्ही विचारलंत म्हणून: खान्देशात हायड्रोफॉइल, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर वर उचलली जाणारी बोट, कशाला?

लग्नात, दशक्रियेला, माझ्या फॅब्रिकेशनच्या शेडवर, लोक एकच विचारतात: ‘आठे समुद्र कोठे शे रे भो? मग बोटीले पंख लावानं याड कसाले?’

समुद्र लागतच नाही. 1957 साली बोटींचे रचनाकार अलेक्सेयेव यांची ‘राकेता’ ही हायड्रोफॉइल धावली ती रशियातल्या व्होल्गा नदीवर. आपल्याकडे हतनूर आहे, गिरणा आहे, आणि नंदुरबारच्या टोकाला नर्मदेत सरदार सरोवराचं पाणी चढलेलं आहे.

गिरणेच्या पाटाला आवर्तन सुटलं की पत्र्याची पट्टी धारेत धरून बघा, पुढची कड किंचित वर ठेवून. मनगट वर उचललं जातं. पट्टी पाणी खाली ढकलते, पाणी तिला वर ढकलतं. बोटीखाली दांड्यांवर असा पंख बसवला की वेग आल्यावर तळ पाण्याबाहेर येतो. पाण्याची घनता हवेच्या सुमारे 800 पट, म्हणून एवढासा पंख पुरतो. वेग दुप्पट तर उचल चौपट. पॅरिसच्या 2024 ऑलिंपिकमध्ये पाण्याच्या वरून जाणाऱ्या फळ्या पाहिल्यात ना, त्याही अशाच. खेळाडू अंगाचा भार मागेपुढे करून उंची सांभाळतो.

पूर्वी मीही वेगाचंच बोलायचो. टेलिफोनवाले बेल आणि त्यांचे सहकारी बाल्डविन यांच्या बोटीने 1919 मध्ये ताशी 114 किलोमीटर गाठले, हे भेटेल त्याला ऐकवायचो. आता ते बोलावंसं वाटत नाही, आणि त्याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सोलर पॅनलचे स्टँड बसवायला अक्कलकुवा तालुक्यात नर्मदाकाठच्या पाड्यावर गेलो होतो. परतीच्या बोटीत एक पहिलटकरीण होती. कळा सुरू झालेल्या. फळ्यांवर गोधडी टाकून तिला निजवलं होतं, सासूने तिचं डोकं मांडीवर घट्ट धरलेलं. दुपारचा वारा समोरून. लाटा फार मोठ्या नव्हत्या, हातभर असतील. पण बोट प्रत्येक लाटेवर नाक उचलायची आणि दणकन आपटायची, आणि तो दणका फळीतून थेट तिच्या कमरेत जायचा. ती ओरडायची नाही, गोधडीची कड दातात धरायची. सासू म्हणाली, हळू घे. नावाड्याने इंजिन कमी केलं. दणके कमी झाले, पण काठ जवळ येईना. मग तीच म्हणाली, जोरात घे. पुन्हा दणके. हळू घे, जोरात घे, असं किती वेळ चाललं. काठाला पोचलो तेव्हा तिच्या डोळ्यांत बघायची माझी हिंमत नव्हती.

तळ लाटांच्या वर गेला असता तर ‘हळू की जोरात’ हा पेचच उरला नसता. दांड्याहून लहान लाट खालून निघून जाते. म्हणून मला हायड्रोफॉइल हवी, शर्यतीसाठी नाही.

बाईमाणूस कळवळत असताना तुला पंख सुचले का, असं तेव्हा बोटीतल्या एकाने विचारलं. हो, सुचले. मी लोखंडाचं काम करतो, मला तेच सुचणार.

नावाड्याला मी तिथेच बोललो होतो. तो म्हणाला, ‘दादा, पाण्याखाली झाडं उभी आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की शेंडे वर येतात. तुमचा पंख पहिल्याच फांदीत अडकेल.’ राकेताचे पंख पाण्याच्या पृष्ठभागाजवळ चालायचे हे मला माहीत आहे, पण बुडालेल्या सागाच्या शेंड्याला तेवढी खोलीही पुरते. पंख वर घडी होणारे करता येतील, पण घडी केली की ती पुन्हा आपटणारी बोटच, वर पंखांचं ओझं. स्टॉकहोममध्ये 2024 साली विजेवरची फॉइल बोट प्रवासी नेऊ लागली, तिच्यात संगणक क्षणोक्षणी पंखांचा कोन बदलतो. पाड्यावर तो बिघडला तर दुरुस्त कोण करणार?

आणि सासूबाई उतरताना म्हणाल्या होत्या, ‘बोटीचं राहू दे बाबा, आम्हाला रस्ता करून द्या.’ तेव्हा मी गप्प बसलो. रस्ता हवाच, यात दुमत नाही. पण सातपुड्यातला रस्ता पाड्यापर्यंत पोचेतो बायका त्याच फळ्यांवर निजून जाणार आहेत, म्हणून शेडमधली पट्टी मी अजून घासतोय. झाडांचं काय करायचं ते मात्र अजून सापडलेलं नाही.