ज्याचं कार्डच नसतं, ते कार्ड

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. सर्व्हिस डॉगला, म्हणजे अपंग माणसाच्या मदतीचं काम शिकवलेल्या कुत्र्याला, दुकानात न्यायला अमेरिकेत कुठलंही सरकारी कार्ड लागत नाही. लागत नाही म्हणजे असं कार्ड अस्तित्वातच नाही. केंद्र सरकारची नोंदवही नाही, परवाना नाही, शिक्का नाही. आणि तरीही आमच्या भागातल्या एका मोठ्या सुपरमार्केटच्या असिस्टंट मॅनेजरने मला तेच कार्ड मागितलं, मागतच राहिला. त्या दुकानावरून गाडी गेली की अजून माझं डोकं फिरतं.

मी न्यू जर्सीत राहते. तिशीनंतर ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं, आणि आता कानातली यंत्रं काढून झोपले की धुराचा अलार्मसुद्धा कळत नाही. टोबी आहे तो त्यासाठी. शेल्टरमधून आणलेला, तपकिरी, मांजरापेक्षा जेमतेम मोठा, एक कान उभा आणि एक पडलेला. सांगलीहून आई व्हिडिओ कॉलवर त्याला टोब्या म्हणते. दारावरची बेल, अलार्म, मागून कोणी मारलेली हाक, यातलं काही झालं की तो माझ्या गुडघ्याला नाकाने ढोसतो आणि आवाज जिकडून आला तिकडे तोंड करून उभा राहतो. कुकरची शिट्टी आमच्या ट्रेनरबाईंच्या यादीत नव्हती. ती मी मागाहून घालायला लावली. डाळ दोनदा करपल्यावर बाईंनाही पटलं.

कुत्रा तयार करून देणाऱ्या संस्था इथे पुष्कळ आहेत, काही तर एक पैसा घेत नाहीत, पण त्यांच्या याद्या लांबलचक असतात. कायद्याने स्वतः शिकवलेला कुत्राही चालतो, म्हणून आम्ही ट्रेनर लावून घरीच शिकवला. त्याला वेळ लागला, पैसे लागले, पण त्यात सांगण्यासारखी कटकट काही झाली नाही. एक लक्षात ठेवा: केंद्राचा कायदा शिकाऊ कुत्र्याला दुकानात जायचा हक्क देत नाही, शिकून तयार झालेल्यालाच देतो. म्हणून सराव जिथे पाळीव कुत्रे चालतात तिथे करायचा. प्राण्यांच्या सामानाची दुकानं, बागकामाची नर्सरी, हार्डवेअरची काही मोठी दुकानं. आम्ही लाकडाच्या फळ्या कापायच्या यंत्राजवळ त्याला तासन्‌तास बसवलाय. किराणा दुकानात मात्र शिकाऊ असताना एकदाही नेला नाही.

आता तो दिवस.

शनिवार संध्याकाळ, गर्दी. टोबीच्या अंगावर हार्नेस, पट्टा माझ्या मनगटाला. मी दह्याच्या फ्रीजपाशी तारखा बघत उभी. टोबीने गुडघ्याला ढोसलं, एकदा, मग परत, जोरात. वळून बघितलं तर टायवाला एक तरुण गृहस्थ, चेहरा लाल. तो बराच वेळ मागून हाका मारत असावा आणि मी मुद्दाम दुर्लक्ष करतेय असं त्याला वाटलं असणार. ओठांवरून वाचलं: इथे कुत्रा चालत नाही.

मी म्हटलं, हा सर्व्हिस डॉग आहे. त्यावर तो म्हणाला, कार्ड दाखवा.

म्हटलं, कार्ड नसतं. तो म्हणाला, सगळ्यांकडे असतं. म्हटलं, मला ऐकू येत नाही आणि हा मला आवाज कळवतो. आत्ता तुम्ही हाक मारलीत ती यानेच मला कळवली. त्याने माझ्याकडे, मग टोबीकडे बघितलं आणि म्हणाला, "पण तुम्ही तर नीट बोलताय."

हे वाक्य बहिऱ्या माणसाने किती वेळा ऐकायचं असतं, जाऊ दे. माझा मुद्दा वेगळा आहे. कुत्र्याचं काम करून दाखवा असं म्हणायचा दुकानाला कायद्याने अधिकार नाही. इथे तर कोणी न सांगता, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच हाकेवर ते काम झालं होतं. तरी गाडी कार्डावरच अडली.

मग कस्टमर सर्व्हिसच्या काउंटरवर वरात. मी केंद्राच्या न्यायखात्याच्या, या कायद्यावरच्या प्रश्नोत्तरांची छापील पानं पर्समध्ये ठेवते, ती काढली. त्यात स्वच्छ लिहिलंय. अमेरिकन्स विथ डिसेबिलिटीज ॲक्ट, ज्याला इथे सगळे एडीए म्हणतात, तो १९९० चा. त्याखाली कुत्र्याचं काम उघड दिसत नसेल तर दुकान दोनच प्रश्न विचारू शकतं. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? संपलं. आजार काय आहे हे विचारायचं नाही, कागद मागायचा नाही. जाकीट घातलंच पाहिजे असंही नाही. त्याने पानं उलटी-पालटी केली आणि म्हणाला, हे कोणीही छापून आणेल.

यावर काय बोलणार? मी महाराष्ट्रात वाढलेली बाई. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, त्या दाखल्याची साक्षांकित प्रत, सगळं फाइल करून ठेवायची सवय. माझ्याकडे कागद असता तर मी तो लॅमिनेट करून गळ्यात घातला असता! असा कागद नसतो हेच सिद्ध करायला जो कागद होता, तो त्याला कागद वाटत नव्हता. मागे रांग वाढत चाललेली, लोक टोबीकडे बघून हसतायत, एक आजोबा वाकून त्याला चुचकारतायत, आणि टोबी बिचारा माझ्या बुटावर हनुवटी टेकून बसलेला. शेवटी, मुख्य मॅनेजर सोमवारी येतील, तेव्हा या, असं सांगून त्याने मला बाहेर घालवलं. दही तिथेच राहिलं.

सोमवारी मुख्य मॅनेजर भेटले नाहीत. तक्रार वरच्या ऑफिसला करा, हा नंबर. नंबर! मी म्हटलं, मला फोनवर ऐकू येत नाही, ईमेल द्या. काउंटरवरच्या मुलीने त्याच कागदाच्या मागे वेबसाइट लिहून दिली. तिथे फॉर्म भरला, तर उत्तर आलं की आमचा प्रतिनिधी आपल्याला फोन करेल. मी पुन्हा लिहिलं की मी बहिरी आहे, तक्रारच त्याबद्दल आहे, कृपया लेखी कळवा. त्यावर व्हॉइसमेल आला. आपण उपलब्ध नव्हता, म्हणून तक्रार बंद करत आहोत.

नवऱ्याने तो व्हॉइसमेल मला टाइप करून दाखवला आणि वर तोच म्हणाला, "अगं, एक कार्ड विकत घे आणि मोकळी हो." कारण इंटरनेटवर ती कार्डं मिळतात. कुत्र्याचा फोटो टाका, पैसे भरा, घरपोच प्लास्टिकचं कार्ड, वर सोनेरी शिक्का, नोंदणी क्रमांक, काय काय. न्यायखात्याने स्पष्ट सांगितलंय की असल्या कार्डाला कायद्यात काही किंमत नाही. पण दुकानदाराने ते बघितलेलं असतं म्हणून तो माझ्याकडेही मागतो. मी ते घेतलं तर पुढच्या बाईकडे तो आणखी ठासून मागणार. मी घेतलं नाही. यावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता, तेही लिहून ठेवते.

ज्याने काम झालं ते एक वाक्य होतं. त्याच फॉर्ममध्ये, बंद केलेल्या तक्रारीचा क्रमांक देऊन, मी लिहिलं: न्यू जर्सीच्या भेदभावविरोधी कायद्याखाली राज्याच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे तक्रार करायला घटनेपासून १८० दिवस असतात, आणि मी ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहिली आहे. शिवाय न्यायखात्याचा एडीए तक्रारीचा ऑनलाइन फॉर्मही अर्धा भरून ठेवलाय. शिव्या नाहीत, ठळक अक्षरं नाहीत. दुसऱ्याच दिवशी विभागीय ऑफिसातल्या एका बाईंचं उत्तर आलं, चक्क लेखी. माफी, कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण देतो असं आश्वासन, आणि एक गिफ्ट कार्ड. कार्ड मिळालं म्हणायचं एकदाचं! तक्रार करायची वेळ आलीच तर तारीख, वेळ, काउंटर क्रमांक आणि कोण काय म्हणालं ते गाडीत बसल्या बसल्या फोनमध्ये लिहून ठेवा. घरी गेल्यावर रागच आठवतो, शब्द आठवत नाहीत.

त्यानंतर गेले तेव्हा दारातल्या मुलीने मला थांबवलं आणि पाठ करून ठेवल्यासारखे ते दोन प्रश्न विचारले, त्याच क्रमाने. मला इतका आनंद झाला की तिला मिठी मारावीशी वाटली. पहिल्याला "हो." दुसऱ्याला माझं ठरलेलं वाक्य: मला ऐकू येत नाही, आवाज झाला की हा मला स्पर्श करून कळवतो. हे दुसरं उत्तर घरी घोकून जा. "मला त्याचा आधार वाटतो" असं म्हणालात तर संपलं, कारण नुसत्या सोबतीने बरं वाटणं हे या कायद्यात काम धरत नाहीत. इमोशनल सपोर्टची, म्हणजे मनाच्या आधारासाठी प्राणी हवा अशी डॉक्टरांची चिठ्ठी घर भाड्याने घेताना उपयोगी पडते, किराणा दुकानात नाही. विमान कंपन्यांनाही जानेवारी २०२१ पासून ती मानायचं बंधन राहिलेलं नाही.

दुकानवाल्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. अन्नपदार्थांच्या दुकानात जिवंत प्राणी नकोत, हा आरोग्याचा नियमच आहे. केंद्राच्या नमुना फूड कोडमध्येही तो आहे, आणि सर्व्हिस डॉग हा त्यातला अपवाद. पण लोक काय करतात? पाळीव कुत्रा, ऑनलाइन घेतलेलं लाल जाकीट, आणि स्वारी ट्रॉलीत, जिथे लहान मूल बसवतात तिथे. एकदा असाच एक पांढरा कुरळा कुत्रा ट्रॉलीतून टोबीवर भुंकत सुटला. टोबी हलला नाही, पण त्याचं सगळं लक्ष त्या कुत्र्याकडे गेलं, आणि मागून दुधाचे क्रेट घेऊन येणारी हातगाडी त्याने मला कळवली नाही. माझी टाच सोलवटली. मालकीणबाई म्हणाल्या, "ओह, ही इज सो फ्रेंडली." असं सगळं पाहिल्यावर मॅनेजर संशयी होतात, आणि त्याचा भुर्दंड आम्हाला. गाडीत कुत्रा उन्हात तापतो हे खरंच आहे, तेव्हा त्याला घरी ठेवा ना! भाजी आणायला त्याची काय गरज?

ट्रॉलीवरून आठवलं. खऱ्या सर्व्हिस डॉगलाही सहसा ट्रॉलीत बसवता येत नाही, जमिनीवर चालवायचा किंवा कडेवर घ्यायचा. पट्टा हवा, आणि पट्ट्याने कामात अडथळा येत असेल तर आवाजाने तरी तो पूर्ण ताब्यात हवा. तो आटोक्याबाहेर गेला आणि तुम्ही आवरलं नाहीत, किंवा त्याने दुकानात घाण केली, तर दुकान त्याला बाहेर काढू शकतं, आणि ते योग्यच आहे. मात्र तेव्हाही तुम्हाला एकटीला आत येऊन सामान घेऊ द्यावं लागतं. दुसऱ्या गिऱ्हाइकाला ॲलर्जी आहे किंवा भीती वाटते, एवढ्यावरून मनाई करता येत नाही.

देशी दुकानाची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. ओक ट्री रोडच्या बाजूला आम्ही पिठं-डाळी आणायला जातो. मालक गुजराती काका, गल्ल्यामागे लक्ष्मी-गणपती, उदबत्ती लावलेली. मनात म्हटलं, इथे सोवळं आडवं येणार. काकांनी चष्म्यातून खाली बघितलं आणि एवढंच विचारलं, "बेन, काटेगा तो नहीं?" म्हटलं, नाही काका. झालं! रांगेत माझ्यामागे मुलाकडे आलेल्या एक मराठी आजी होत्या. त्या म्हणाल्या, "दत्ताच्या पायाशी चार असतात, इथे एक असला तर काय बिघडलं?" फक्त तिथल्या वाटा अरुंद आणि आट्याच्या गोण्या खालीच रचलेल्या असतात, म्हणून मी शनिवार-रविवार टाळून दुपारी जाते. हा कायदा नाही, शेजारधर्म.

मॉरिसटाउनला कधी गेलात तर फरक बघा. द सीइंग आय ही १९२९ साली सुरू झालेली संस्था तिथे आहे, अंधांसाठी कुत्रे शिकवते. गावातल्या रस्त्यांवर हे कुत्रे रोज सरावाला असतात. तिथल्या एका दुकानात गल्ल्यावरच्या पोराने टोबीकडे वर मानसुद्धा केली नाही. आम्ही घराजवळचं सुपरमार्केट सोडून तिकडे जावं असंही एकदा मनात आलं, पण पेट्रोल काय फुकट आहे?

आणि हो, कागद एका ठिकाणी लागतोच, तेवढं राहिलं. गावाचं कुत्र्याचं वार्षिक लायसन्स सर्व्हिस डॉगलाही काढावं लागतं, पण न्यू जर्सीत त्याची फी माफ आहे. खिडकीवर स्वतःहून सांगा, नाहीतर घेतात. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र न्या. आणि ती लस लायसन्सच्या बारा महिन्यांपैकी किमान दहा महिने तरी चालू असली पाहिजे, एवढं घरूनच मोजून जा. टोबीची एका महिन्याने कमी भरली, म्हणून क्लार्कबाईंनी परत पाठवलं. लस वेळेआधीच पुन्हा टोचून घेतली, त्याचे पैसे वेगळे.