चार जिन्नस आणि रोजचं जेवण

घरात कांदा, टोमॅटो, डाळ, तांदूळ एवढंच असलं तरी सगळ्यांचं पोटभर जेवण होतं, फक्त घाई करायची नाही. म्हणजे कांदा नुसता गुलाबी करून सोडू नका, मंद आचेवर चांगला 20-25 मिनिटं परता, तो तपकिरी होऊन गोडसर लागायला लागला की मसाल्याचे अर्धे डबे उघडायची गरजच उरत नाही (माझं मत हां!). सोललेली मसूर डाळ असेल तर भिजवायची पण कटकट नाही, 20 मिनिटांत होते. टोमॅटो मात्र डाळ मऊ झाल्यावरच टाका, आंबटाने डाळ लवकर शिजत नाही आणि गॅस उगाच जळत बसतो. उरलेला भात लगेच फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी त्यात अंडं फोडून मस्त गरम करा, पोरं कुरकुर न करता खातात.