दातावर झिर्कोनिया

आज दांडिया बाजारातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, झिर्कोनियाची कॅप घ्या, खूप टिकते." मी आ वासून पडलेलो, बोलणार काय! झिर्कोनियम धातूच्या याच ऑक्साइडवर अख्खी नोकरी काढली आहे हो मी.

शुद्ध झिर्कोनिया भलता हट्टी. भट्टीत तापवून थंड करताना साधारण ११७० अंश सेल्सिअसखाली त्याची स्फटिकरचना बदलते, आकारमान ४-५ टक्क्यांनी वाढतं आणि पूड दाबून केलेली गोळी तडकते. सकाळी भट्टी उघडावी तर ॲल्युमिनाच्या मुशीत नुसते तुकडे! त्यात ३ मोल टक्के (म्हणजे वजनानं नव्हे, रेणूंच्या संख्येनं) यिट्रिया, म्हणजे यिट्रियम धातूचं ऑक्साइड, घातलं की वरच्या तापमानाची रचना खोलीच्या तापमानालाही टिकते. पुढे कुठे तडा जायला लागलाच, तर त्याच्या टोकाशी कण रचना बदलून फुगतात आणि तड्यालाच दाबून धरतात. गार्वी नावाच्या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी ही करामत १९७५ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडली, चक्क 'सिरॅमिक पोलाद' म्हणून.

अगेटच्या खलात पूड घोटून वैतागलेली आमची पोरं विचारायची, "सर, याचा उपयोग काय?" तेव्हा मी ऑक्सिजन सेन्सरचं उदाहरण द्यायचो. तेही खरंच, पण दात जास्त पटला असता.

घरी आल्यावर हिचा पहिला प्रश्न, "मग काही सूट दिली का?"

छे! उलट रंग निवडताना बाई म्हणाल्या, "चहा फार पिता वाटतं?"