चौकटीतली तारीख

गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या सुदामानगरातील आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने पाच दिवसांचे ध्यानशिबिर ठरवले आणि माणशी 4,500 रुपये गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले, कारण बँकेत 34 वर्षे काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही पावतीपुस्तकापासून सुटका नसते.

शिबिर घेणारे गृहस्थ विपश्यना ध्यान शिकवणाऱ्या सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील आचार्य म्हणून आमच्याकडे आले होते. मला शुल्काचाच आकडा खटकला. माझे मेहुणे त्याच परंपरेच्या इगतपुरीतील धम्मगिरी केंद्रावर दहा दिवस राहून आले होते. तिथे शिकवण्याचे तर नाहीच, राहण्याजेवणाचेही पैसे घेत नाहीत, आणि शिबिर पूर्ण केलेल्या साधकाने स्वखुशीने दिलेले दान तेवढे स्वीकारतात. सहायक आचार्य समोर बसलेले असले तरी साधनेच्या सूचना गोएंकांच्या ध्वनिमुद्रित आवाजातच ऐकवतात, हेही त्यांच्याकडूनच कळले होते.

जमा झालेल्या नावांची यादी दाखवायला मी शिबिर घेणाऱ्या त्या गृहस्थांच्या खोलीवर गेलो. भिंतीवर सोनेरी चौकटीत प्रमाणपत्र होते. धनादेश पाहावा तसे ते पाहिले: आधी सही, मग शिक्का, मग तारीख. सही गोएंकांची म्हणून होती आणि तारीख 12 मार्च 2014. गोएंकांचे निधन सप्टेंबर 2013 मध्ये झाले. मी चहा संपवला आणि आपली नेमणूक कोणत्या केंद्रावर झाली, एवढेच विचारले. ते हसून म्हणाले, "काका, ध्यानाला कागद लागत नाही." बोलणे खोटे नव्हते, पण मग चौकट कशासाठी लावली होती?

घरी येऊन वहिनींना सांगितले, तर त्या उसळल्या. दादा गेल्यापासून त्यांना झोप नव्हती, आणि या गृहस्थांच्या दोन विनामूल्य बैठकींनंतर त्या पहाटेपर्यंत झोपू लागल्या होत्या. "भावजी, मला झोप लागते आहे, तुम्ही तारखा कसल्या मोजता?" त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. श्वासावर लक्ष ठेवायला शिकवण्यासाठी आपल्याकडे परवाना लागत नाही, आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षाही ऐच्छिकच आहे, आणि त्यांच्या शिकवण्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. मात्र लोक पैसे भरत होते ते भिंतीवरच्या त्या सहीकडे पाहून.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी एवढेच मांडले. दोघे माझ्यावर रागावले, एकाने तर चुगलखोर म्हटले. शेवटी त्यांना लेखी विचारायचे ठरले. चौथ्या दिवशी अध्यक्षांसोबत गेलो, तेव्हा भिंतीवर चौकटीच्या मापाचा फिकट चौकोन तेवढा उरला होता. प्रमाणपत्र "एका शिष्याने प्रेमाने करून दिले होते", असे ते म्हणाले.

रक्कम अजून माझ्याकडेच असल्याने ज्याची त्याला परत केली. हल्ली तेच गृहस्थ मंदिराच्या सभागृहात आठवड्यातून दोनदा स्वतःच्या नावाने वर्ग घेतात, माणशी महिना 300 रुपये. वहिनी जातात. पावती मीच लिहितो, आणि तिच्यावर फक्त "ध्यानवर्ग" असते.